विद्युत-गिटार आणि संगणक

बंगळूरच्या बसवनगुडी भागात १९०५ साली स्थापन झालेल्या गायन समाजाचे सभागृह आहे. तेथे ऐकू येणाऱ्या वीणेचा नाद पोकळ लाकडात घुमतो. विद्युत-गिटार बहुधा भरीव लाकडाची असते. तिच्या पोलादी तारा थरथरल्या की तारांखालच्या चुंबकाभोवतीच्या हजारो वेढ्यांच्या वेटोळ्यात क्षीण वीज उत्पन्न होते. ही वीज संगणकाच्या मायक्रोफोनच्या खाचेत थेट सोडली, तर मुद्रण होते खरे, पण बोथट. दोष वादकाच्या बोटांचा नव्हे. वेटोळ्याचा विरोध स्थिर प्रवाहास सहासात हजार ओहम असला, तरी अत्युच्च स्वरांशांना तो लाखाच्या घरात जातो. खाचेचा विरोध मात्र काही हजारच; त्यामुळे त्या स्वरांशांचा बहुतेक विद्युत्-दाब वेटोळ्यातच खर्ची पडतो. म्हणून मध्ये जोडयंत्र ठेवून त्याच्या वाद्यासाठी राखलेल्या खाचेत तार जोडावी. तेथील विरोध सुमारे दहा लाख ओहम असतो. मग ते यंत्र सेकंदास सामान्यतः ४४,१०० वेळा दाब मोजून ते आकडे संगणकास देते.

वीणेस हा चुंबक पुरत नाही. तिच्या खर्जाच्या तारा बहुधा पितळी, आणि पितळ चुंबकास दाद देत नाही! तिच्या घोडीजवळ दाबाने वीज देणारा स्फटिक चिकटवावा लागतो. अयोग्य खाचेत जोडल्यास त्याचा मात्र खर्जच प्रथम हरपतो.