धान्यातील गोळी व घरातील हवा

धान्याला कीड लागू नये म्हणून काही घरांत ॲल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी फडक्यात बांधून कणगीत ठेवतात. हे जिवावर बेतू शकते. हवेतील ओलाव्यामुळे ३ ग्रॅमच्या गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. तो पोत्यांतून व भिंतीच्या फटींतून झोपण्याच्या खोलीत शिरतो. लसणासारखा वास दर वेळी येईलच असे नाही. या विषावर उतारा नाही. म्हणून राहत्या घरात ही गोळी कधीही वापरू नये. दाणा दाताखाली कटकन फुटेपर्यंत धान्य उन्हात वाळवावे आणि गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरावे. घरात कोणास मळमळ, चक्कर किंवा धाप जाणवल्यास सर्वांनी ताबडतोब मोकळ्या हवेत यावे व रोग्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.