‘से’, ‘टेल’ आणि आमचं ‘बोलला’

भिवंडीत मी संध्याकाळी इंग्रजीची शिकवणी घेते. आगरी, उर्दू, तेलुगू, भोजपुरी अशा घरांतली मुलं एकाच बाकावर दाटीनं बसतात. जवळच्या अर्थाची क्रियापदं हा धडा पुस्तकात पानभरात आटोपतो. माझा अजून चालूच आहे.

१. फरक ठाऊक असतो, आपण तो वापरायचं सोडलेलं असतं. मुलं हमखास ‘ही सेड मी’ लिहितात. खरं तर मराठीत ‘म्हणाला’ आणि ‘सांगितलं’ वेगळेच. माणूस स्वतःशी म्हणू शकतो. सांगायला मात्र समोर कोणीतरी लागतं, तसंच ‘टेल’लाही. पण मुंबईकडच्या हिंदीतला ‘बोला’ आमच्या मराठीत ‘बोलला’ होऊन शिरला आणि दोघांची जागा अडवून बसला. ‘तो मला बोलला’ असं मीसुद्धा घरी बोलते. म्हणजे, म्हणते.

२. काही फरक मुलं वर्गात येताना घेऊनच येतात. यंत्रमागांची खटखट अख्ख्या गल्लीला ऐकू येते, ते ‘हिअर’. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, मागापाशी उभा राहून बिघाड कुठे आहे ते कान देऊन ऐकतो, ते ‘लिसन’. कापड सगळ्यांना दिसतं, ते ‘सी’. एकावेळी चार-सहा माग सांभाळणारा कामगार धागा केव्हा तुटेल यावर नजर ठेवून असतो, ते ‘वॉच’. हे सगळं मला एका कारागिराच्या मुलानं समजावलं. मी व्याख्या शोधत होते.

३. शब्दकोशापेक्षा गोदामाचं दार कधी कधी जास्त शिकवतं. ‘रिसीव्ह’ आणि ‘ॲक्सेप्ट’ यांवर मी फळा भरत होते. माणकोलीच्या गोदामात काम करणारा एक विद्यार्थी म्हणाला, “मॅडम, गाडीतून खोके उतरले की माल रिसीव्ह झाला. फुटलेले खोके बाजूला काढून उरलेल्यावर सही केली की ॲक्सेप्ट.” मी फळा पुसला.

४. देण्याघेण्यात दिशा महत्त्वाची. मराठीत ‘उसने’ शब्द एकच. ‘घेतले’ की ‘दिले’ यावर सगळं ठरतं. इंग्रजीत त्यासाठी ‘बॉरो’ आणि ‘लेंड’ ही दोन क्रियापदं. वाण्याकडून साखर आणली तर मात्र ‘बॉरो’ चालत नाही, ती उधारी. शेजारणीला वाटीभर साखरच परत जाते, वाण्याला पैसे. हा हिशेब मुलांच्या आयांना माझ्याहून पक्का येतो.

५. काही ‘का’ना उत्तर नसतं. ‘मेक अ मिस्टेक’ पण ‘डू होमवर्क’, असं का? आमचं ‘करणं’ चूक, गृहपाठ, पोहे, फोन, सगळं निमूट करतं. मी म्हटलं, इंग्रजी भाषाच लहरी. त्यावर पद्मानगरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलीनं विचारलं, “मग पाऊस आला, पाऊस पडला आणि पाऊस लागला, यांत फरक काय?” जन्मभर हे तिन्ही मी अचूक वापरत आले आहे. नियम सांगता येईना. वाक्यांमागून वाक्यं सांगत सुटले. तिला फरक कळला. तेव्हापासून ‘मेक’ आणि ‘डू’सुद्धा मी तसेच शिकवते.