माऊस बिघडला? आधी कारण शोधू या



आमच्या अभ्यासिकेत अकरावीची एक विद्यार्थिनी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज भरीत होती. धर्माच्या रकान्यातील यादीतून तिने 'बौद्ध' हा शब्द निवडला आणि पान खाली नेण्यासाठी माऊसचे चाक फिरविले. पान तर सरकले नाहीच, उलट यादीतील शब्द सरकला आणि तेथे दुसराच धर्म येऊन बसला! अर्ज पाठविण्यापूर्वी आम्ही तो वाचून पाहिला, म्हणून चूक सापडली. बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या बांधवांना केंद्र सरकारच्या सवलती मिळाव्यात यासाठी १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर १९९० च्या कायदादुरुस्तीपर्यंत चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. तो हक्क ज्या शब्दावर उभा आहे, तोच शब्द बोटभर चाकाने बदलला होता.

त्या वेळी कोणी म्हणाले, "व्हायरस शिरला." कोणी म्हणाले, "माऊस टाकून द्या, नवा आणा." तथागतांनी कालामांना सांगितले होते की, ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून पाहा. आम्ही तेच केले. माऊस निर्दोष निघाला! काही ब्राउझरमध्ये यादीतील शब्द निवडल्यावर ती यादी जागीच राहते आणि चाक तिच्यावर चालते. म्हणून शब्द निवडल्यावर पानाच्या कोऱ्या जागी एकदा क्लिक करावे व मगच चाक फिरवावे. दोष शोधल्यावर उपाय फुकटात मिळाला. घरच्या माऊसच्या इतर तक्रारीही अशाच क्रमाने तपासता येतात. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय फरक पडतो ते पाहावे.

१) दोष कोठे आहे?

प्रथम कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करावा. मग माऊसची पिन दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून पाहावी. तरीही तक्रार राहिली, तर तोच माऊस शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरला लावावा. तेथेही तो तसाच वागला, तर दोष माऊसमध्ये आहे. तेथे नीट चालला, तर दोष आपल्या कॉम्प्युटरमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये आहे. वायरचा माऊस मध्येच बंद पडत असेल, तर वायर माऊसच्या तोंडाशी हलकेच वाकवून पाहावी. वायर बहुधा तेथेच आतून तुटते.

२) बाण अडखळतो किंवा उड्या मारतो

आजच्या माऊसच्या तळाशी एक छोटा दिवा आणि एक सूक्ष्म कॅमेरा असतो. हा कॅमेरा टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजारांच्या हिशेबात चित्रे घेतो आणि त्यांतील फरकावरून माऊस कोणीकडे सरकला हे ओळखतो. साहजिकच काच किंवा गुळगुळीत चकचकीत टेबल असेल, तर त्याला खूण सापडत नाही. माऊसखाली साधा कोरा कागद ठेवून पाहावा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होते. तळाच्या भोकात केस किंवा धूळ अडकली असेल, तर माऊसची पिन काढून कापूस गुंडाळलेल्या काडीने ती अलगद काढावी. पाणी ओतू नये. काही माऊसचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून दिवा दिसला नाही तर माऊस मेला असे समजू नये. जुना गोळीचा माऊस असेल, तर गोळी काढून आतील रुळांवर साचलेला मळ खरवडावा.

३) बिनवायरचा माऊस

येथे आधी सेल बदलावा आणि तळाचे बटण चालू आहे ना ते पाहावे. कॉम्प्युटरला लावलेला छोटा रिसिव्हर मागच्या बाजूला लोखंडी पेटीआड दडला असेल, तर तो पुढच्या खाचेत लावावा. शेजारच्या खाचेत यूएसबी ३ जातीची हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह असेल, तर तिच्यामुळेही माऊसच्या लहरींना अडथळा होतो. ती काढून पाहावी.

४) एका क्लिकचे दोन क्लिक

एकदा दाबले आणि फाइल उघडली, असे होऊ लागले तर प्रथम माऊसच्या सेटिंगमध्ये जाऊन दुहेरी क्लिकचा वेग पाहावा. तो ठीक असेल, तर बटणाखालच्या स्विचमधील धातूची पट्टी झिजली असे समजावे. ती दाबताच थरथरते आणि एका दाबाचे दोन होतात. हा दोष पुसून जात नाही, पण टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणारा कारागीर सोल्डरिंग करून नवा स्विच बसवू शकतो. डावे बटण दाबल्यावर उजव्याची यादी उघडत असेल, तर घरातील कोणा डावखुऱ्याने सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल केली आहे काय, हे आधी विचारावे.

५) लॅपटॉपची पट्टी

लॅपटॉपवर बोटाच्या पट्टीने चालणारा बाण आपोआप थरथरत असेल, तर चार्जर काढून पाहावे. चार्जर काढताच बाण शांत झाला, तर दोष बहुधा भिंतीतील अर्थिंगचा असतो. अशा वेळी नवा माऊस न आणता इलेक्ट्रिशियनला बोलवावे. अर्थिंग नसणे हा घरातील माणसांच्या जिवाचाही प्रश्न आहे.

६) ऐनवेळी माऊस बंद पडला तर

शेवटच्या दिवशी माऊस बंद पडला म्हणून अर्ज राहू देऊ नये. टॅब दाबले की पुढच्या रकान्यात जाता येते, शिफ्ट व टॅब एकत्र दाबले की मागच्या रकान्यात. बाणांच्या कळांनी यादीतील शब्द निवडता येतो, स्पेसने चौकटीत खूण करता येते आणि एंटरने बटण दाबले जाते. विंडोजमध्ये डावीकडील ऑल्ट, डावीकडील शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबून होकार दिला, की आकड्यांच्या कळांनी बाणही हलविता येतो. विद्यार्थ्यांनी याचा सराव आधीच करून ठेवावा.

मित्रांनो, दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर करता येते आणि त्यासाठी मार्ग आहे, हा विचार आपण विहारात ऐकतो. माऊससारख्या क्षुल्लक वस्तूवरही तो लागू पडतो. जे कारण शोधतात ते वस्तूवर राग काढीत नाहीत आणि पैसेही वाया घालवीत नाहीत. आणि शेवटची विनंती : माऊस कितीही चांगला असो, अर्ज पाठविण्यापूर्वी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, दोघांनी मिळून, मोठ्याने वाचावा.

नमो बुद्धाय! जय भीम!