प्रत्येक मापाला वेगळा कॉलेट का?

प्रश्न : कामणला, चिंचोटी-भिवंडी रस्त्यालगत आमचा छोटा गाळा आहे. एक सीएनसी लेथ आणि एक जुनं ए-२५ ट्रॉब मशीन आहे. सीएनसीवरचा तीन जॉचा हायड्रॉलिक चक लहानमोठं सगळं धरतो. आता १२ ते २५ मिमी बारातून पितळेचे आणि स्टीलचे पार्ट काढायचं काम आलं आहे. जो तो म्हणतो, कॉलेट चक बसवा. पण कॉलेटला प्रत्येक माप वेगळं! एवढा खर्च कशाला? आणि घ्यायचाच तर कोणता?
— एक वाचक, कामण (ता. वसई)

उत्तर : चक सगळं धरतो, हे अर्धंच खरं. हायड्रॉलिक चकचे जॉ जेमतेम काही मिलिमीटर सरकतात. माप बदललं की सॉफ्ट जॉ काढून लावावे लागतात, पुन्हा बोअर करावे लागतात. म्हणजे मापागणिक खर्च तिथेही आहे, फक्त तो वेळात जातो आणि बिलात दिसत नाही.

लहान बारावर कॉलेट सरस ठरतो तो पकडीमुळे. तीन जॉ जॉबला तीनच जागी दाबतात. पातळ नळीसारखा पार्ट त्यात दबतो आणि सुटला की गोल राहत नाही. कॉलेट जवळजवळ पूर्ण परिघाला कवेत घेतो. दुसरं कारण वेगाचं. फिरताना जॉ बाहेर फेकले जातात आणि पकड ढिली पडते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १००० आरपीएमचे ३००० केले की तो नऊपट. लहान व्यासाला तर वेग जास्तच ठेवावा लागतो. कॉलेटचं वजन कमी आणि तेही मध्याजवळ, त्यामुळे त्याची पकड टिकते.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कॉलेट म्हणजे स्प्रिंग स्टीलची खाचा पाडलेली नळी. तिचा बोअर एका ठरावीक मापाला ग्राइंड केलेला असतो आणि त्या मापालाच तो खरा गोल असतो. बार लहान आला तर पाकळ्या जास्त मिटतात आणि पकड फक्त तोंडाशी राहते. बार मोठा आला तर पाकळ्यांच्या कडा त्यात रुततात, पकड मागे जाते आणि तोंड मोकळं राहतं. नेमकं टूलजवळच जॉबला आधार नसतो. तुमच्या ट्रॉबचा जुना कॉलेट उजेडात धरून आत पाहा. चकाकी फक्त तोंडाशी दिसली तर तुमचा बार सातत्याने लहान येतो आहे.

म्हणून निवड बारापासून सुरू करा. २० मिमीचा ब्राइट बार एच-११ टॉलरन्सचा असेल तर १९.८७ ते २०.०० मिमीमध्ये कुठेही भरू शकतो. एच-९ चा असेल तर साधारण १९.९५ ते २०.०० मध्ये. हा फरक कॉलेट सांभाळून घेतो. काळा बार मात्र कॉलेटमध्ये घालू नका. त्याचं माप आणि गोलाई बेभरवशाची, शिवाय वरची खपली खाचांत अडकते. तो जॉलाच धरा.

पुढचा मुद्दा लांबीचा. ड्रॉ-बॅक जातीचा कॉलेट मिटताना जॉबसकट मागे ओढला जातो. १५ अंशांच्या टेपरवर व्यासातल्या ०.१० मिमी फरकामुळे जॉबची जागा सुमारे ०.१९ मिमीने बदलते. फेसिंगपासून पार्टिंगपर्यंत सगळं एकाच सेटिंगमध्ये होत असेल तर याने बिघडत नाही. पण कापलेला पीस उलटा धरून दुसरं ऑपरेशन करायचं असेल तर लांबी चुकते. अशा कामाला डेड-लेंग्थ कॉलेट हवा. त्यात कॉलेट जागेवरच राहतो आणि बाहेरची स्लीव्ह सरकून त्याला मिटवते. सीएनसीसाठी या जातीतला १७३-ई घ्या. तो ४२ मिमीपर्यंतचा बार घेतो, तुमचं सगळं काम त्यात बसतं. घेण्याआधी ड्रॉ ट्यूबमधून २५ चा बार आरपार जातो ना, ते तपासा. पितळेचा षटकोनी बार असेल तर त्याच आकाराच्या बोअरचा कॉलेट मागा.

ईआर कॉलेट स्वस्त पडेल, असाही सल्ला मिळेल. स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने १९७२ मध्ये काढलेला हा कॉलेट मुख्यतः टूल धरण्यासाठी आहे. तो साधारण १ मिमीपर्यंत मिटतो, त्यामुळे थोड्या कॉलेटमध्ये बरीच मापं भागतात. पण प्रत्येक पीसला पान्याने नट आवळावा लागतो. दहा-वीस पीसच्या कामाला तो उत्तम, हजारांच्या लॉटला नाही. एखादं अडनिडं माप आलं तर इमर्जन्सी कॉलेट घ्या. तो मऊ असतो. खाचांत पिना घालून, मशीनवरच हव्या मापाला बोअर करायचा.

जपणूकही महत्त्वाची. टेपरवर एक चिप अडकली तरी जॉब आऊट फिरतो. बदलताना कॉलेट आणि टेपर दोन्ही पुसा, डायल लावून पाहा. बार न घालता कॉलेट कधी आवळू नका, पाकळ्या वाकतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर काम संपताच तेल लावून ठेवा, नाहीतर चार दिवसांत बोअर गंजतो.

सगळी मापं एकदम घेण्याची गरज नाही. दर महिन्याला फिरणाऱ्या दोन-तीन मापांचे चांगल्या प्रतीचे कॉलेट घ्या, बाकीचं काम सध्या जॉवर चालू द्या. मात्र त्याआधी आलेल्या मालातले दहा बार दोन्ही टोकांना मायक्रोमीटरने मोजा, सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं माप लिहून घ्या आणि तो कागद हातात घेऊनच दुकानात जा.