फणसाच्या बाकासंबंधी

पुणे, कार्तिक शुद्ध दशमी

चिरंजीव बाळ यास काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद. विशेष.

तुझे पत्र पावले. ज्येष्ठातल्या वादळात परड्यातला जुना फणस उन्मळून पडला, त्याची वर्दी देऊन तू रीतसर दाखला मिळवलास, आणि बुंध्याच्या दोन जाड फळ्या गिरणीवर काढून घेतल्यास, हा सर्व मजकूर वाचून समाधान वाटले. वाऱ्याने पडलेल्या झाडाला दाखला कशाला, असे शेजारी म्हणाले असतील. परंतु 1964 च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यात ज्या झाडांची नावे नमूद आहेत त्यांत आंब्याबरोबर फणसही आहे, आणि आपल्या परड्यातल्या झाडाविषयीही सरकारदरबारी आधी विचारून घेणे हेच शहाणपणाचे.

आता त्या फळीचे ओट्यापुढे ठेवण्याजोगे एक साधे, गावठी वळणाचे बाक स्वतःच्या हाताने करावे हा तुझा मानस मला मनापासून आवडला. मात्र पत्रात पुढे तू जे लिहिलेस, की बाक ओबडधोबडच करावयाचे असल्यामुळे त्यात शिकण्यासारखे फारसे काही नाही आणि सुटीतल्या दोन रविवारांत ते उरकून जाईल, त्या एका वाक्यासाठी हे लांबलचक पत्र लिहावयास बसलो आहे. कोरीव खुर्चीत नक्षी, पॉलिश आणि गादी यांच्या आड पुष्कळ गोष्टी लपून जातात; एक फळी आणि चार पाय एवढाच ज्याचा सरंजाम, त्या बाकाला लपण्यास जागाच नसते, आणि म्हणूनच अशा कामात जिथे श्रम वाचवता येतात ते ठिकाण आणि जिथे एक सूतही सोडता येत नाही ते ठिकाण, या दोहोंतला विवेक करता येणे हीच खरी विद्या आहे.

पहिली गोष्ट सबुरीची. फळ्या ओल्या आहेत. दोन इंच जाडीचे लाकूड उघड्या हवेत सुकवण्यास इंचामागे एक वर्ष धरावे, असा युरोपातल्या सुतारांचा जुना हिशेब आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते काहीसे लवकर सुकते, पण ते दोन रविवारांत मात्र सुकत नाही. फळ्या पडवीत, जिथे वारा खेळतो पण ऊन थेट पडत नाही अशा जागी, जमिनीपासून वीतभर उंच ठेव. दोन फळ्यांच्या मध्ये हात-हातभर अंतरावर सारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या घाल आणि वर चार जांभे चिरे वजनाला रच. फळीच्या दोन्ही तोंडांना मेण किंवा उरलासुरला तेलरंग जाडसर चोपड, कारण लाकडातले पाणी तोंडाकडून फार झपाट्याने निघून जाते, तोंडे आधी आकसतात, मधला भाग तसाच फुगलेला राहतो, आणि या ओढाताणीत टोकांना चिरा पडतात. साल मात्र आजच तासून काढ. ती राखली तर बाक अधिक रानवट दिसेल असे तुला वाटते, परंतु सालीखाली भुंगेरे घर करतात, आणि दोन पावसाळ्यांत ती आपणहून सुटून खाली पडते. सालीलगतचे पांढुरके लाकूड हे किड्यांचे आवडते खाद्य आहे. तेही शक्य तेवढे वाकसाने काढून टाक. झाडाने दिलेली कडेची वाकडी रेघ तशीच राहू दे.

या वाकड्या कडेविषयी थोडे विषयांतर करतो. जॉर्ज नाकाशिमा नावाचे जपानी वंशाचे अमेरिकन वास्तुविशारद 1937 च्या सुमारास पाँडिचेरीस श्रीअरविंदाश्रमाच्या ‘गोलकोंड’ या इमारतीच्या कामावर आले, तिथे साधकांत मिसळून राहिले, आणि त्यांना ‘सुंदरानंद’ हे नाव मिळाले. पुढे अमेरिकेत परतून त्यांनी सुतारकामालाच आयुष्य वाहिले, आणि झाडाची नैसर्गिक कड तशीच राखलेली त्यांची मेजे व बाके जगभर नावाजली गेली. फळीला चीर असली तर ते ती बुजवून लपवीत नसत. तिच्यावर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी पट्टी बसवून ती पुढे वाढणार नाही एवढा बंदोबस्त करीत. त्यांच्या कामाची छायाचित्रे कुठे मिळाली तर अवश्य पाहा. कड मोकळी आहे, पण सांधा केसभर हललेला नाही, ही गोष्ट तुझ्या नजरेतून सुटणार नाही.

फळी सुकत असता पायांची तजवीज कर. गोठा मोडला तेव्हाचे ऐनाचे वासे माळ्यावर पडून आहेत, असे तुझ्या आईने मागे लिहिले होते. त्यांहून उत्तम लाकूड तुला कोणत्याही वखारीत मिळणार नाही, कारण ते कित्येक वर्षे चुलीच्या धुरात आणि छपराच्या उबेत वाळलेले आहे. पाय खडखडीत वाळलेले आणि फळी त्यांहून किंचित ओलसर, हीच जोडी आपल्याला हवी आहे. लाकूड लांबीच्या दिशेने जवळपास आकसत नाही. आकसते ते रुंदीत. तेव्हा पायाचे कोरडे कुसू फळीच्या भोकात ठोकले, की ते पुढे हवेतला ओलावा घेऊन थोडे फुगते, फळी सुकता सुकता त्याला आवळत जाते, आणि सांधा वर्षागणिक घट्ट होत जातो. खिळ्याचे याच्या नेमके उलट आहे. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत लोखंड गंजते, गंजाने भोवतीचे लाकूड काळे पडून कुजते, आणि डुगडुगणारे बाक पुन्हा खिळे ठोकूनच दुरुस्त करण्याचा मोह होतो.

मापे लक्षात ठेव. जमिनीपासून बैठक दीड फुटाहून उंच नको. तुझी आजी टेकणार आहे हे ध्यानात धरून मी तर सतरा इंचच ठेवीन. लांबी साडेचार फूट, रुंदी फळी देईल तेवढी, पण फुटाहून कमी नको. पाय दोन इंच जाड घे; वासा आडवा कापून त्यांचे तुकडे पाड, पण ते घडताना कुऱ्हाडीने रेषांच्या अंगानेच तास, म्हणजे लाकडाची रेषा पायाच्या माथ्यापासून तळापर्यंत अखंड जाईल. वरच्या टोकाला सव्वा इंचाचे गोल कुसू काढ. भोके फळीच्या टोकांपासून आठ-नऊ इंच आत घ्यावीत. अगदी टोकाशी घेतली तर फळी तिथे फाटते, आणि फार आत घेतली तर कडेला बसणाऱ्याच्या भाराने बाक उलटते. पाय सरळ उभे ठेवू नकोस. ते दोन्ही दिशांनी थोडे बाहेर झुकले पाहिजेत. त्यासाठी पुठ्ठ्याचा एक तिरका गुण्या कापून भोकाशेजारी उभा कर, आणि गिरमिट त्याला समांतर चालते आहे की नाही हे पाहण्यास बाजूला धाकटीला बसव. गिरमिटाचे टोक पलीकडे दिसू लागताच थांबून उलट बाजूने भोक पुरे कर, नाहीतर लाकडाच्या ढलप्या उडतात.

बैठकीची कोणती बाजू वर ठेवावी, हेही आधीच ठरव. ज्या बाजूस पांढुरके लाकूड होते ती सालीची बाजू, दुसरी गाभ्याची. सुकताना फळी सालीच्या बाजूने खोलगट होते आणि गाभ्याच्या बाजूने किंचित फुगते. गाभ्याची बाजू वर ठेवलीस तर पावसाचे शिंतोडे ओघळून जातील. उलटी ठेवलीस तर बाकावर डबके साचेल. फळीच्या मधोमध झाडाचा अगदी केंद्राचा गर आला असेल तर ती दुसऱ्या कामास ठेव, कारण चिरा तिथूनच निघतात.

आता पाचर. या एका गोष्टीवर बाकाचे सारे आयुष्य अवलंबून आहे, तेव्हा हा भाग दोनदा वाच. कुसवाच्या माथ्यावर करवतीने उभी चीर पाडावयाची, कुसू भोकातून वर काढावयाचे, आणि त्या चिरेत कठीण लाकडाची पातळ पाचर ठोकून कुसू फुलवावयाचे, म्हणजे ते पुन्हा खाली निसटत नाही. ही चीर फळीच्या रेषांना काटकोनात, आडवी आली पाहिजे. ती रेषांना समांतर आली तर पाचरीचा सगळा जोर फळीला तिच्या रेषांवरून उभी फाडण्याकडे लागतो, आणि महिन्यांची मेहनत एका ठोक्यात वाया जाते. म्हणून पाय बसवण्यापूर्वी प्रत्येक कुसवाच्या माथ्यावर पेन्सिलीने दिशा रेखून ठेव, पाय भोकात फिरवून ती खूण जुळव, आणि मगच ठोकावयास घे. लाकडी मोगरीने, बेताने ठोकावे. पाचर सुरुवातीला सहज शिरते आणि प्रत्येक ठोक्याला मऊ, पोकळ आवाज येतो. मग तो आवाज एकाएकी कोरडा आणि टणत्कारी होतो. तिथे हात आवर. आणखी एक ठोका हा लोभ आहे. वर राहिलेला भाग दुसऱ्या दिवशी कापून पटाशीने बैठकीबरोबर साफ कर.

चारही पाय बसले तरी बाक डुगडुगेलच, त्याने निराश होऊ नकोस. सपाट शहाबादी फरशीवर ते ठेवून, ज्या पायांखाली पोकळी आहे तिथे लाकडाच्या कपच्या सारून बैठक सर्व बाजूंनी समपातळीत आण. मग एका लहान ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून तो फरशीवरून प्रत्येक पायाभोवती फिरव, आणि उमटलेल्या रेघेवर करवत चालव. डुगडुग कोणत्या पायाची हे अंदाजाने ठरवून एक-एक पाय थोडाथोडा कापीत गेल्यास बाकाची चौरंगाइतकी उंची उरते. तळाच्या कडा कानशीने मारून घे.

रंधा फक्त बैठकीवर आणि जिथे हात किंवा मांडी लागते त्या कडांवर मार. खालची बाजू वाकसाच्या खुणांसकट राहू दे, तिथे घालवलेला वेळ मी व्यर्थच समजेन. फणसाचा गाभा आज हळदीसारखा पिवळा असला तरी उजेडाने तो हळूहळू तांबूस-तपकिरी होतो, तेव्हा त्यावर रंगाचे हात देऊ नकोस. बेलतेल पातळ लावून पुसून घे, आठवड्याने पुन्हा लाव. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात कधीही टाकू नयेत. ती सुकताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळव, मग टाक. पायांच्या तळांना मात्र काजूच्या टरफलांचे डिंबेल लाव, ते वाळवीला दूर ठेवते. त्याने कातडी भाजते, म्हणून हातमोजे घाल आणि ते बैठकीपर्यंत येऊ देऊ नकोस. बाक मातीत थेट न ठेवता चार चिऱ्यांवर ठेव.

आपल्या वाडीतल्या सुतारकाकांकडे काम सुरू करण्यापूर्वी एक दिवस जाऊन बस. त्यांचा दिवस मोडेल, तेव्हा त्यांची त्या दिवसाची मजुरी आग्रहाने दे, ते नको म्हणाले तरी दे; आणि भोके पाडण्याच्या दिवशी त्यांना चहाला बोलाव. त्यांचे सांगणे माझ्या या पत्राशी कुठे जुळले नाही, तर त्यांचे ऐक, कारण त्यांचा हात तिथल्या लाकडावर आणि तिथल्या हवेवर चाललेला आहे.

सव्वा इंची गिरमिट आणि दोन पटाश्या येत्या आठवड्यात येणाऱ्या पाहुण्यांबरोबर पाठवतो. पटाश्यांना धार लावूनच पाठवीत आहे. वापरून झाल्यावर तेलाचा हात देऊन फडक्यात गुंडाळून ठेवाव्या. बैठक चैत्रापूर्वी जोडू नये. तोवर पाय घडून तयार असू देत, आणि फळीच्या तोंडांना नवी चीर पडली की काय हे दर पंधरवड्याला पाहून मला कळवीत जा. तुझ्या आजीस साष्टांग नमस्कार सांग. धाकटीस आशीर्वाद.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका