जीवनसत्त्वाची गोळी आणि आतड्यातील जनुके

गेल्या वर्षी शास्त्राचे शिक्षक रजेवर असल्यामुळे त्यांचा इयत्ता नववीचा तास काही दिवस आम्हांकडे आला होता. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. पुस्तकातील 'जीवनसत्त्वे' हा पाठ वाचून दाखवावा व कोष्टक पाठ करून घ्यावे, एवढीच आमची तयारी. परंतु एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारिले, "सर, ड जीवनसत्त्वाची गोळी रोज घेतली तर आतड्याचा कर्करोग टळतो काय?" तिच्या वडिलांचे वडील त्याच रोगाने वारले होते, आणि तेव्हापासून घरातील सर्व माणसे नेमाने ती गोळी घेत होती. त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढे जे वाचले आणि एका डॉक्टर स्नेह्याकडून समजून घेतले, ते येथे देत आहोत.

प्रथम आतड्याकडे पाहू. मोठ्या आतड्याचे आतील अस्तर वरून गुळगुळीत दिसले तरी त्यात लक्षावधी सूक्ष्म विहिरी असतात. विहिरीच्या तळाशी नव्या पेशी जन्मास येतात, हळूहळू वर सरकतात आणि साधारणतः पाच-सहा दिवसांत काठाशी येऊन मरतात व गळून पडतात. हे मरणही शिस्तीचे असते. जी पेशी वेळेवर मरत नाही, वाढतच राहते, तिच्यापासून पॉलिप नावाची लहानशी गाठ होऊ शकते. आणि अशा काही गाठींचे पुढे, बहुधा दहा-दहा वर्षांनी, कर्करोगात रूपांतर होते.

पेशीने केव्हा वाढावे आणि केव्हा मरावे हे जनुके ठरवितात. मनुष्याच्या प्रत्येक पेशीत प्रथिने घडविणारी सुमारे 20,000 जनुके असतात. पण ती सर्व एकाच वेळी कामास लागलेली नसतात. पेटीवर गाणे वाजविणारा सर्व पट्ट्या एकदम दाबीत नाही, तसेच हे आहे. आतड्याच्या पेशीत काही जनुके जागी, काही निद्रिस्त. कोणते जागे करावे याचे निरोप अनेक ठिकाणांहून येतात, व त्यांतील एक निरोप्या म्हणजे ड जीवनसत्त्व होय.

या जीवनसत्त्वाचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. उन्हातील अतिनील किरण त्वचेवर पडले की तेथील कोलेस्टेरॉलसदृश द्रव्यापासून ते तयार होते. आमच्या किनाऱ्यावरील बांगडा-तारल्यांसारख्या तेलकट मासळीतूनही ते मिळते. यकृतात त्याच्यावर एक संस्कार होतो, मूत्रपिंडात दुसरा, तेव्हा कोठे ते कार्यक्षम होते. हा दुसरा संस्कार आतड्याच्या पेशी स्वतःही करू शकतात. मग ते पेशीच्या केंद्रात शिरून एका ग्राही प्रथिनास चिकटते. त्या प्रथिनाची जोडी दुसऱ्या एका प्रथिनाशी जमते, आणि ही जोडी डीएनएच्या धाग्यावर ठरावीक जागी जाऊन बसते. तेथून जवळची जनुके जागी होतात किंवा शांत होतात. गंमत अशी की, या रीतीने जी जनुके सर्वांत जोमाने जागी होतात त्यांतील एक खुद्द ड जीवनसत्त्वाचाच नाश करणारे द्रव्य घडविते. निरोप पोचला की निरोप्यास निरोप देण्याची व्यवस्था निसर्गाने आधीच करून ठेविली आहे! यावरून अधिक गोळ्या म्हणजे अधिक लाभ, हा हिशेब किती भोळा आहे ते कळेल.

या विषयाकडे लक्ष वेधिले ते सेड्रिक व फ्रँक गारलंड या अमेरिकन बंधूंनी. ज्या प्रदेशांत ऊन कमी तेथे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक, असे नकाशावरून दिसल्यावर 1980 साली त्यांनी ड जीवनसत्त्वाचा संबंध सुचविला. 2001 साली स्पेनमधील आल्बेर्तो मुन्योस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, प्रयोगशाळेत वाढविलेल्या आतड्याच्या कर्कपेशींना कार्यक्षम ड जीवनसत्त्व दिले असता पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाचे जनुक जागे होते. पण काचपात्रातील पेशी म्हणजे माणूस नव्हे.

माणसांवरील प्रयोग अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठात रॉबर्ड बॉस्टिक यांच्या मार्गदर्शनाखाली झाला. पूर्वी पॉलिप निघालेल्या 92 स्त्री-पुरुषांचे चार गट करण्यात आले. एकास रोज 2 ग्रॅम कॅल्शियम, दुसऱ्यास 800 एकके ड जीवनसत्त्व, तिसऱ्यास दोन्ही, व चौथ्यास दिसावयास तशीच पण औषधहीन गोळी. सहा महिन्यांनी गुदाशयाच्या अस्तराचे कण काढून तपासले. पेशीला वेळेवर मरणाकडे नेणारे 'बॅक्स' नावाचे प्रथिन केवळ ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात औषधहीन गटाच्या तुलनेने सुमारे 56 टक्के अधिक आढळले. हा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे गोळीचा परिणाम आतड्यापर्यंत खरोखर पोचतो!

येथेच लेख संपविता आला असता तर आम्हांस आनंद झाला असता, आणि त्या मुलीलाही. परंतु एका प्रथिनाचे प्रमाण वाढणे वेगळे आणि रोग टळणे वेगळे. अमेरिकेत 36,282 प्रौढ स्त्रियांवर सरासरी सात वर्षे चाललेल्या प्रयोगाचे फळ 2006 साली जाहीर झाले. कॅल्शियम व रोज 400 एकके ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याचे व गुदाशयाचे कर्करोग 168 निघाले, न घेणाऱ्यांत 154. हा फरक योगायोगाचा मानण्याइतका लहान आहे. पण लाभ दिसला नाही हे खरे. मात्रा थोडी होती म्हणावे, तर 2015 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात 2,259 जणांपैकी ड जीवनसत्त्वाच्या वाट्यास आलेल्यांना रोज 1,000 एकके दिली होती. तरीही नवे पॉलिप दोन्ही बाजूंस सारखेच, शेकडा 43 च्या घरात निघाले.

फॉलिक आम्लाची कथा तर याहून सावध करणारी आहे. हे जीवनसत्त्व 1941 साली पालकाच्या पानांतून वेगळे काढिले; पर्णवाचक लॅटिन शब्दावरून त्याचे नाव पडले. डीएनए घडविण्यास, तसेच जनुकांवर 'येथे शांत राहा' अशा रासायनिक खुणा करण्यास ते लागते. तेव्हा ते पॉलिप रोखील, अशी आशा होती. 1,021 जणांना ते, अथवा औषधहीन गोळी, देऊन पाहिले. 2007 साली निष्कर्ष आला की रोज 1 मिलिग्रॅमने पॉलिप कमी झाले नाहीत, उलट तीन वा अधिक पॉलिप असणारे लोक गोळी घेणाऱ्यांतच जास्त निघाले. वाढू पाहणाऱ्या गाठीलाही डीएनएसाठी हेच द्रव्य हवे असते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मात्र गरोदर स्त्रियांना डॉक्टर फॉलिक आम्ल देतात ते बाळाच्या मज्जारज्जूच्या रक्षणासाठी. त्या गोळ्या हा लेख वाचून कोणी बंद करू नयेत. तसेच ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व खरोखर कमी आहे, आणि एवढे ऊन असूनही आपल्या देशात असे लोक पुष्कळ आहेत, त्यांना हाडांसाठी ते घेणे भागच आहे.

त्या मुलीला आम्ही हे सर्व सांगितले. ती म्हणाली, "मग बाबांनी काय करायचे?" आमच्या डॉक्टर स्नेह्याचे उत्तर सरळ होते: ज्याच्या आईस, वडिलांस वा सख्ख्या भावंडास हा रोग झाला, त्याने चाळिशी गाठताच, किंवा नातेवाइकाच्या रोगाचे निदान ज्या वयात झाले त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा, दुर्बिणीने मोठे आतडे तपासून घ्यावे. पॉलिप दिसला तर तेथल्या तेथे काढिता येतो. तिच्या वडिलांचे वय 46 होते. आम्ही त्यांना शाळेत बोलाविले. ते गोळ्यांची बाटली खिशात घेऊनच आले. तपासणीचा दिवस ठरला आहे, असे ती परवा सांगत होती.