रक्तदाबाची वही

मंडळी, आता आपल्याला आकडे वाचता येतात. बाजारचा हिशेब लिहिता येतो. डेअरीची चिठ्ठी हातात आली की फॅट किती लागली ते आपण दुसऱ्याला विचारत नाही. आज आपण आणखी एक आकडा वाचायला शिकू. हा आकडा दुधाचा नाही, पैशाचा नाही. हा आपल्या अंगातल्या रक्ताचा आहे. तो असा लिहितात : १३६/८४.

दवाखान्यात नर्सबाई आपल्या दंडाला पट्टा बांधतात. त्यात हवा भरतात. दंड आवळला जातो. मग हवा हळूहळू सोडतात आणि कागदावर हे दोन आकडे लिहितात. मधे तिरकी रेघ असते. हा भागाकार नव्हे. ‘एकशेछत्तीस बाय चौऱ्याऐंशी’ असे वाचायचे. यालाच रक्तदाब म्हणतात. आपण नुसते ‘बीपी’ म्हणतो.

दोन आकडे कशाला? विहिरीवरची मोटार सुरू केली की पाइपात पाणी जोराने धावते. पाइपाला हात लावला तर तो जोर कळतो. आपले हृदय ही अशीच एक मोटार आहे. पण ती सारखी ढकलत नाही. ती दाबते, सैल पडते, पुन्हा दाबते. दाबताना रक्तवाहिनीत जो जोर असतो तो वरचा आकडा. सैल पडताना जो उरतो तो खालचा आकडा. दंडाला बांधायचा हा पट्टा इटली देशातल्या रिवा-रोची नावाच्या डॉक्टरांनी १८९६ साली काढला. त्याला पाऱ्याची नळी जोडलेली असे. पारा किती मिलिमीटर चढला ते पाहायचे. आज बऱ्याच ठिकाणी विजेरीची यंत्रे आली आहेत, पण माप तेच राहिले आहे.

वरचा आकडा १२० च्या खाली आणि खालचा ८० च्या खाली असला तर उत्तम. वरचा १४० किंवा जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा जास्त, असे वेगवेगळ्या दिवशी मोजून पुन्हा पुन्हा आले तर रक्तदाब वाढला आहे असे डॉक्टर म्हणतात. दोन्ही आकडे वाढायलाच हवेत असे नाही. एक वाढला तरी पुरे.

आता खरी अडचण पुढेच आहे. हा आकडा एका जागी राहत नाही.

झोपेत दाब उतरतो. पहाटे उठायच्या सुमारास चढू लागतो. चढण चढली, ओझे उचलले, बांधावरून भांडण झाले, थंडी वाजली, की वाढतो. दवाखाना पाहूनच काहींचा वाढतो. हे निरोगी माणसाच्या अंगातही चालते. म्हणून सकाळी १५२ आणि दुपारी १३४ आले तर यंत्र खोटे आहे असे समजू नये. घाबरूही नये. पाहायचे असते ते हे, की महिन्याभरात बहुतेक वेळा आकडा कुठे असतो.

मोजण्याची रीत चुकली तरी आकडा वाढतो. एसटीतून उतरून धावत गेलो आणि लगेच हात पुढे केला, तर काय होणार? मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून ५ मिनिटे स्वस्थ बसावे. पाय जमिनीवर सरळ ठेवावेत, एकावर एक नकोत. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर. मोजताना बोलू नये. आपल्याकडे नेमके तेव्हाच नर्सबाईंना पोराबाळांची खबर विचारतात! एक मिनिट थांबून पुन्हा एकदा मोजावे. दोन्ही आकडे लिहावेत.

या चढउतारामुळे माणूस कसा फसतो ते पाहा. आमच्या वर्गाला एक आबा येतात. त्यांचे नाव सांगत नाही, पण गोष्ट सांगायला त्यांनीच सांगितले आहे.

आबांचा रक्तदाब गावातल्या तपासणीत १७२/१०२ निघाला. आबांना काही होत नव्हते. डोके दुखत नव्हते, चक्कर नव्हती. दोन कोस चालत होते. दुसऱ्या, तिसऱ्या वेळीही आकडा तसाच आला. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली. दोन महिन्यांनी मोजले तर १३२/८२. आबा खूष झाले. घरी येऊन म्हणाले, “बीपी गेला. आता गोळी कशाला?” कारभारीण म्हणाली, “अवो, डाक्टरांना इचारलं का?” आबा म्हणाले, “आकडा मला वाचता येतोय की!”

गोळी बंद झाली. दहा आठवडे काही झाले नाही. कसे होणार? वाढलेला दाब ठणकत नाही. तो गुपचूप काम करतो. मग पेरणीच्या दिवसांत एका सकाळी आबांच्या डाव्या हातातून कपबशी पडली. तोंड वाकडे झाले. शब्द नीट फुटेना. अंगावरून वारे गेले, असे आपण म्हणतो. डॉक्टर त्याला पक्षाघात म्हणतात. मेंदूतली रक्ताची वाट बंद होते किंवा रक्तवाहिनी फुटते. वाढलेला रक्तदाब हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

मुलाने भगताकडे धाव घेतली नाही. तेल चोळत बसला नाही. १०८ नंबर लावला. गाडी आली. आबा वाचले. आज बोलतात, चालतात, वर्गाला येतात. पण डाव्या हाताने म्हशीच्या दाव्याला गाठ मारता येत नाही.

पुढे तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारले, “आबा, पावसाळ्याआधी घर शाकारता ना?”

“शाकारतो की.”

“मग गळायचं थांबतं. आता गळत नाही, म्हणून शाकार काढून टाकता का?”

आबा म्हणाले, “न्हाई वो, डाक्टरसाहेब. कळलं.”

आकडा उतरला होता तो गोळीमुळे उतरला होता. गोळीने आजार मुळासकट जात नाही, ताब्यात राहतो. म्हणून बहुतेकांना गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. काहींचे वजन उतरते, मीठ सुटते, दाब चांगला राहतो, तेव्हा डॉक्टर गोळी कमी करतात. पण ती त्यांनी कमी करायची. आपण नाही. आणि एक दिवस आकडा जास्त दिसला म्हणून आपल्या मनाने दोन गोळ्याही घ्यायच्या नाहीत.

गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. दात घासणे झाले की गोळी, अशी सांगड घालावी. विसरलो आणि त्याच दिवशी आठवले तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवले तर एकच घ्यावी, दोन घेऊ नयेत. उपवासाला गोळी चालते का, असे पुष्कळ बाया विचारतात. चालते. गोळी म्हणजे अन्न नव्हे. एकादशीला पाण्याबरोबर घ्यावी. पाणीही न पिण्याचा कडक उपवास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावे, कारण काही गोळ्यांनी लघवी जास्त होते. वारीला निघताना गोळ्यांची पुडी पिशवीत हवी. आळंदीहून पंढरपूर म्हणजे जवळजवळ तीन आठवडे. तेवढे दिवस गोळी बंद ठेवणे बरे नव्हे. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधीच आरोग्य केंद्रात जावे. तिथे त्या फुकट मिळतात.

गोळीचा त्रास झाला तर? एका जातीच्या गोळीने काहींचे घोटे सुजतात. दुसरीने कोरडा खोकला येतो. उठताना गरगरते. असे झाले म्हणून गोळ्या उकिरड्यावर टाकू नयेत. डॉक्टरांना सांगावे. गोळ्या अनेक जातींच्या आहेत, ते बदलून देतात. पोटुशी बाई असेल तर तिने आशाताईंना लगेच सांगावे. काही गोळ्या पोटातल्या बाळाला चालत नाहीत. जुलाब-उलट्या लागल्या तरीही डॉक्टरांना विचारावे.

कुणी म्हणतो, वैदूची मुळी घ्या. मुळी खोटी असे आम्ही म्हणणार नाही. सर्पगंधा ही आपल्याच देशातली वनस्पती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरचा गुण १९४९ साली इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात छापला, आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. पण बाजारातल्या मुळीत औषध किती, हे डोळ्यांना दिसत नाही. जास्त झाले तर दाब फार उतरतो. काही रोग्यांचे मन फार खिन्न होते असेही दिसून आले. पुढे मापात बसणाऱ्या, कमी त्रासाच्या गोळ्या निघाल्या आणि डॉक्टरांनी सर्पगंधा मागे ठेवली.

आता मिठाकडे वळू. गोळी एकीकडून दाब उतरवते आणि मीठ दुसरीकडून चढवते, असे पुष्कळ घरांत चालले आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. आमटी, भाकरी, लोणचे, पापड सगळे त्यातच आले.

आपण हिशेब करून पाहू. घरात ५ माणसे. दर माणशी ५ ग्रॅम. दिवसाचे २५ ग्रॅम. महिन्याचे २५ गुणिले ३० म्हणजे ७५० ग्रॅम. तुमच्या घरात एक किलोच्या मिठाच्या दोन पुड्या महिन्याला लागतात का? मग दर माणशी दिवसाला १३ ग्रॅम झाले. शिवाय दुकानचे फरसाण आणि वेफर यांतले मीठ वेगळेच. ते आपल्या पुडीत मोजले जात नाही. गुरांना घातलेले मीठ यातून वजा करा बरे!

सैंधव किंवा काळे मीठ घेतले तरी ते मीठच आहे. सुकट आणि खारे मासे मिठात मुरलेले असतात. ते पाण्यात धुऊन घ्यावेत, आणि कधीतरीच खावेत. ताटात वरून मीठ घ्यायची सवय आधी सोडावी. मग भाकरीच्या पिठातले मीठ, मग भातातले. सगळे एकदम काढले तर घरात भांडण होईल. हळूहळू काढले तर तीन-चार आठवड्यांत जिभेला सवय होते. ठेच्यात लिंबू पिळावे, लसूण वाढवावा. पालेभाज्या आणि फळे भरपूर खावीत. ज्यांचे मूत्रपिंड बिघडलेले आहे त्यांनी मात्र फळभाज्यांचे डॉक्टरांना विचारावे.

रोज अर्धा तास भरभर चालावे, असे डॉक्टर सांगतात. दिवसभर खुरपणी करणाऱ्या बाईला हे सांगणे म्हणजे थट्टाच आहे. तिला विश्रांती हवी. पण ट्रॅक्टर आला, फटफटी आली, आणि पारापर्यंतही गाडीवर जाणारे पुष्कळ झाले आहेत. हा सल्ला त्यांच्यासाठी आहे. पोट सुटले असेल तर वजन थोडे उतरले तरी आकडा उतरतो. दारूने दाब वाढतो. तंबाखू, विडी, मिश्री यांनी तो तेवढ्यापुरता चढतो आणि रक्तवाहिन्या कायमच्या खराब होतात. मिश्री दाताला लावतो, खात नाही, असे बाया म्हणतात. पण तिचा गुण रक्तात उतरतोच.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. गुडघे, कंबर दुखते म्हणून दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या. त्यांतल्या पुष्कळ गोळ्या रोज घेतल्या तर रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंड बिघडवतात. बीपीची गोळी चालू असूनही आकडा उतरत नसेल तर या गोळ्या घेतो की नाही ते डॉक्टरांना सांगावे. लपवू नये.

कधी आकडा १८०/१२० किंवा त्याच्याही वर गेला तर काय करावे? स्वस्थ बसावे, ५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. तेवढाच आला तर काही त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छातीत दुखणे, धाप लागणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, एकाएकी दिसेनासे होणे, यांतले काहीही असेल तर आकडा कितीही असो, थांबू नये. १०८ लावावा. मेंदूतली गाठ विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देतात. तोंडातून पाणी किंवा गोळी देऊ नये, घशात अडकते.

आता वही घ्या. एका पानावर तीन रकाने आखा : तारीख, रक्तदाब, गोळी. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मोजून आलात की त्याच दिवशी लिहा. डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्या. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्यांना ही वही जास्त सांगते. वहीचे एक पान नमुन्यासाठी देतो. मोठ्याने वाचा.

३ तारीख – १३४/८४ – रोज घेतली.
१० तारीख – १३८/८६ – रोज घेतली.
१७ तारीख – १५८/९६ – लग्नाला गेलो, गोळ्या घरी राहिल्या, ५ दिवस नाही.
२४ तारीख – १३६/८४ – रोज घेतली.

३ आणि १० तारखेच्या वरच्या आकड्यांत किती फरक आहे? १० आणि १७ तारखेच्या आकड्यांत किती? यांतला कोणता फरक नेहमीचा चढउतार आहे, आणि कोणता नाही? पुढच्या वर्गाला येताना उत्तर लिहून आणा, आणि स्वतःच्या वहीची पहिली ओळही.